पंपरूमच्या दारावरचा कागद: दुसऱ्याला जमेल अशा सूचना कशा लिहायच्या

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीचा पंप बघणारे मामा पुतणीच्या लग्नाला गावी गेले, चांगले पंधरा दिवस. मी तेव्हा नवीनच सेक्रेटरी झाले होते, अंगात उत्साह फार, म्हटलं त्यात काय एवढं, मामांना विचारून सगळं एका कागदावर लिहून दारावर चिकटवते, मग वॉचमन काय, कमिटीतलं कुणीही पंप चालवेल. लिहिलं, चिकटवलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही विंगचे व्हॉल्व्ह बंद आणि मोटर चालू, जुना जॉइंट निसटला आणि पंपरूममध्ये घोटाभर पाणी. सगळे वॉचमनवर ओरडले. त्याने काही न बोलता माझा कागद दाखवला. कागदात होतं तेच त्याने केलं होतं!

तो कागद असा होता:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खालच्या टाकीतील पाण्याची पातळी पाहून मोटर सुरू करावी व ए विंगची टाकी भरल्यावर ए चा व्हॉल्व्ह बंद करून बी चा उघडावा, तत्पूर्वी प्राइमिंग केलेले असावे. टाकी वाहणार नाही याची दक्षता घ्यावी. लाल व्हॉल्व्ह बंद करू नये. आदेशावरून."

"ए बंद करून बी उघडावा". त्याने ए बंद केला, बी चा व्हॉल्व्ह जाम होता म्हणून तो पान्हा आणायला गेला, आणि तेवढा वेळ मोटर बंद पाइपात पाणी ढकलत राहिली. मामा कायम आधी बी उघडतात आणि मग ए बंद करतात. मी लिहिताना उलटं केलं, कारण वाक्य तसं छान जुळत होतं. आणि प्राइमिंग, म्हणजे मोटर सुरू करायच्या आधी पंपात पाणी भरणं, जे सगळ्यात आधी करायचं, ते मी "तत्पूर्वी" म्हणून सगळ्यात शेवटी टाकलेलं.

त्यानंतर तो कागद मी पाच वेळा बदलला. सोसायटी, ऑफिस, घरी आजीसाठी गिझर, गावाकडच्या घराची चावी देताना पाहुण्यांसाठी, कुठेही कुणाला लिहून द्यायची वेळ आली तर हे उपयोगी पडेल.

लागणारं सामान: फोटो काढायला मोबाइल, ऑइल पेंटचा मार्कर (पाण्याने जात नाही तो), दोन-तीन रंगांच्या इन्सुलेशन टेप, वही, बॉलपेन, ए-फोर कागद, जवळचं झेरॉक्सवाल्याचं दुकान जिथे लॅमिनेशन होतं. आणि एक माणूस ज्याला ते काम अजिबात येत नाही. हा शेवटचा आयटम सगळ्यात महत्त्वाचा, तो कुठे वापरायचा ते पुढे येईलच.

१. आधी लिहू नका, नुसतं बघा

ज्याला काम येतं त्याला "कसं करता?" विचारलं की तो चार पायऱ्या सांगतो आणि हाताने अकरा करतो. खोटं नाही बोलत तो, हाताला सवय झालेली असते, त्याच्या दृष्टीने त्या पायऱ्याच नसतात. म्हणून त्याच्या मागे उभं राहा आणि तो जे जे करतो ते वहीत उतरवा, अगदी "लाइट लावला", "हात पुसला" सुद्धा. व्हिडिओ घेतला तर अजून चांगलं. एकदा नाही, दोनदा बघा, कारण पहिल्यांदा तुम्ही बघताय म्हणून तो जरा नीटनेटकं करतो.

स्वतःच्याच कामाचं लिहायचं असेल तर हे अवघड जातं. मी आजीसाठी गिझरचं लिहिताना स्वतःचाच व्हिडिओ काढला, तेव्हा कळलं की मी बटण दाबायच्या आधी नळ सोडून पाणी येतंय का बघते. चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

२. आधी वस्तूंना नावं द्या

आमच्या पंपरूममध्ये सात व्हॉल्व्ह आहेत. कागदावर "डावीकडचा व्हॉल्व्ह" लिहिलं की प्रश्न येतो, कुणाच्या डावीकडचा, दारातून आत येताना की पंपाकडे तोंड करून? त्यामुळे कागदाला हात लावायच्या आधी मार्कर घेऊन वस्तूंवर नाव लिहा. आम्ही व्हॉल्व्हवर 'ए', 'बी', 'फायर' असं लिहिलं आणि टेप गुंडाळली, ए ला पिवळी, बी ला हिरवी. नुसता रंग पुरत नाही बरं का, एक तर पंपरूममधला बल्ब असा असतो की हिरवं आणि निळं सारखंच दिसतं आणि काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक कळतच नाही. रंग आणि अक्षर दोन्ही हवं.

मग जे नाव वस्तूवर, तेच कागदावर, शेवटपर्यंत. शाळेत आपल्याला शिकवलंय की एकच शब्द परत परत वापरू नये, निबंध कंटाळवाणा होतो. इथे व्हायलाच हवा कंटाळवाणा. पहिल्या ओळीत मोटर, दुसऱ्या ओळीत पंप, तिसऱ्या ओळीत यंत्र असं लिहिलंत तर वाचणारा तीन वस्तू शोधत बसेल.

३. एका पायरीत एकच काम

कसोटी सोपी आहे. वाक्यात "व", "आणि", "करून", "नंतर" आलं की थांबा आणि बघा, तिथे बहुतेक दोन पायऱ्या आहेत. "झाकण उघडून पाणी भरून घट्ट करून मोटर लावा" हे बोलताना गोड मराठी आहे पण वाचणारा कागद बघतो, हात वापरतो, परत कागदाकडे येतो, आणि परत आल्यावर त्याला आपण कुठे होतो ते सापडायला हवं. म्हणूनच नंबर. टिंबं किंवा चांदण्या चालणार नाहीत, क्रम असेल तिथे आकडाच हवा, कारण फोनवर माणूस "मी चौथ्यावर अडकलोय" असं सांगू शकतो. क्रम नसेल, म्हणजे सामानाची यादी वगैरे, तिथे उलट आकडे देऊ नका, लोक उगाच क्रम लावतात.

पायऱ्या दहाच्या वर गेल्या तर तुकडे करा, 'सुरू करणं', 'विंग बदलणं', 'बंद करणं'. आमच्या कागदाचे असे तीन तुकडे आहेत, आणि दर वेळी लोकांना त्यातला एकच लागतो.

आणि महत्त्वाच्या पायरीनंतर काय दिसेल किंवा ऐकू येईल ते लिहा. "हिरवं बटण दाबा" एवढंच नको. "हिरवं बटण दाबून सोडा. मोटरचा आवाज येईल आणि मीटरचा काटा ७ च्या आसपास थांबेल." आता नवीन माणसाला कळतं की बरोबर चाललंय. काटा ७ वर नाही गेला तर काय करायचं तेही तिथेच लिहा, मागच्या पानावर नको.

४. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य छोटं

हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला. इंग्रजीत सूचना कशा लिहाव्यात यावरचे लेख वाचले तर त्यात म्हणतात क्रियापदाने सुरुवात करा. मराठीत ते जमत नाही, "दाबा हिरवं बटण" हे नाटकातलं वाक्य वाटतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे काय करायचंय हे वाचणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. त्यामुळे वाक्य जेवढं लांब तेवढा तो अंधारात. सहा-सात शब्दांत क्रियापद गाठायचं.

अट असेल तर मात्र मराठी आपल्या बाजूने आहे. "टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर मोटर लावू नका", अट आधी, काम नंतर, आपोआपच बसतं.

पण या वाक्यात एक खड्डा आहे, दिसला का? "नका" अगदी शेवटी. घाईतला माणूस "मोटर लावू..." पर्यंत वाचतो आणि हात पुढे जातो. माझ्या पहिल्या कागदावरचं "लाल व्हॉल्व्ह बंद करू नये" वाचून एकाने खरोखर लाल व्हॉल्व्ह बंद केला होता, फायरच्या लाइनचा, दोन दिवस कुणाला पत्ता नाही. आता तिथे लिहिलंय "लाल व्हॉल्व्ह कायम उघडाच ठेवा". जिथे जमेल तिथे काय करू नका याऐवजी काय करा ते सांगा. "टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर थांबा." झालं.

मग "लावा". दिवा लावा म्हणजे चालू करा, दार लावा म्हणजे बंद करा. व्हॉल्व्ह लावा म्हणजे काय? आमच्या कमिटीत यावर अर्धा तास वाद झाला, निम्म्यांना चालू वाटत होतं, निम्म्यांना बंद. "सोडा" चं पण तेच, नळ सोडा म्हणजे उघडा पण बटण सोडा म्हणजे बोट काढा. बोलताना हावभाव असतात म्हणून निभावतं, कागदाला हात नसतात. आम्ही ठरवलं: व्हॉल्व्ह 'उघडा' आणि 'बंद करा', मोटर 'सुरू करा' आणि 'बंद करा', याशिवाय शब्दच नाही. शिवाय बाजूला खूण लिहिली: बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा आहे, पाइपाला आडवा असेल तर बंद आहे. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला की बंद होतो.

आणि कृपा करून "करावे", "घ्यावी", "सदर", "उपरोक्त", "दक्षता" हे सगळं काढून टाका. "दक्षता घ्यावी" म्हणजे नेमकं करायचं काय? मला विचाराल तर काहीच नाही, ते लिहिणाऱ्याने स्वतःची जबाबदारी झटकायला लिहिलेलं असतं. मी पण त्यासाठीच लिहिलं होतं.

५. मापं, वेळा आणि आकडे

"थोडं पाणी घाला", "जरा वेळ थांबा" हे चालणार नाही हे तुम्हाला माहितीये. पण नुसता आकडा टाकून पण भागत नाही, तो आकडा वाचणाऱ्याच्या हाताशी असलेल्या भांड्यात मोजता यायला हवा. "दोन लिटर पाणी" लिहिलं आणि पंपरूममध्ये मोजायला काही नाही, तर तो अंदाजच करणार. आम्ही तिथे एक जुनी बाटली बांधून ठेवली, सूचना झाली "बाटलीने पाणी ओता, पंपाच्या तोंडापर्यंत येईपर्यंत". लिटर गेले.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी. आपल्याकडे सांगतात एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. त्यातला "सपाट" शब्द बघा, तो काढला तर शीग लावलेला चमचा पडतो आणि मीठ जास्त होतं, जे लहान बाळाला घातक. आणि बांगलादेशात १९८० पासून ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघर जाऊन हे शिकवत होत्या, तिथे सगळ्यांकडे सारखा चमचा कुठला असणार, म्हणून त्यांनी माप हातावर आणलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत हे पोचलं, छापील कागद न वाचता येणाऱ्या घरांत सुद्धा.

वेळेचं म्हणाल तर सव्वा, पावणे, साडे हे कागदावर नकोत. आपल्याला पावणेसात आणि सव्वासात लगेच कळतं पण आमचा रात्रीचा वॉचमन ओडिशाचा आहे, तो छान मराठी बोलतो तरी पावणे म्हटलं की गोंधळतो. ६:४५ लिहा, आणि पुढे सकाळी की संध्याकाळी ते पण. "उद्या पाणी येणार नाही" ही तर सोसायटीची खास चूक, नोटीस तीन दिवस तशीच राहते आणि रोज उद्याच असतं. परवा तर विचारूच नका, परवा मागचा पण असतो आणि पुढचा पण. वार आणि तारीख, दोन्ही.

आकडे देवनागरी की इंग्रजी? माझं मत, यंत्रावर जसे छापलेत तसे. देवनागरी १ हा मराठी न वाचणाऱ्याला इंग्रजी नऊसारखा वाटतो आणि ४ हा आठसारखा. कुकरच्या एका शिट्टीच्या जागी नऊ झाल्या तर फार तर भात जातो, इलेक्ट्रिक पॅनेलवर ते परवडत नाही.

६. धोका पायरीच्या आधी

खाली लाल अक्षरात "टीप: ओल्या हाताने पॅनेलला हात लावू नये" असं लिहितात, आणि ते वाचेपर्यंत माणसाने हात लावलेला असतो. ज्या पायरीत धोका, त्या पायरीच्या वर ओळ टाका, "हात कोरडे करा". तो इशारा राहिलाच नाही, पायरीच झाली, आणि लोक इशारे गाळतात पण पायऱ्या सहसा गाळत नाहीत.

इशारे खरोखर दोन-तीनच ठेवा. कागदभर "महत्त्वाचे!!!" असेल तर काहीच महत्त्वाचं राहत नाही. आणि कारण एका ओळीत द्या. "खालची टाकी रिकामी असताना मोटर चालवली तर सील जळतं" हे वाचलेला माणूस खरंच वाकून टाकीत बघतो, नुसतं "टाकी तपासा" वाचलेला नाही बघत.

७. कागद दिसायला कसा हवा

इथे देवनागरीच्या स्वतःच्या भानगडी आहेत. इंग्रजीत जोर द्यायला सगळी अक्षरं मोठ्या लिपीत करतात, आपल्याकडे मोठी लिपी नाहीच. मग लोक अंडरलाइन करतात आणि रेघ उकारातून आरपार जाते, 'सुरू' मधला सु की सू ते ओळखायला येत नाही. तिरकी अक्षरं देवनागरीत वाईटच दिसतात. राहता राहिलं ठळक, ते वापरा पण फक्त बटणाच्या किंवा व्हॉल्व्हच्या नावाला, पूर्ण वाक्याला नाही, कारण ठळक केलं की जोडाक्षरांच्या आतली पोकळी भरून जाते आणि लांबून नुसता डाग दिसतो.

ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, अनुस्वार एकमेकांत घुसतात. भिंतीवर लावायचा कागद असेल तर अक्षर १८ च्या खाली नको, आणि एका पानात मावत नसेल तर अक्षर बारीक न करता मजकूर कमी करा. फॉन्ट साधा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट मिळतात. लग्नपत्रिकेतला वळणदार नको.

मोठी गोची इथे होते: डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलंत आणि त्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलं, कृतिदेव वगैरे, तर तुमच्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि पुढच्या वर्षी एक शब्द बदलायचा तर सगळं परत टाइप. त्याला आधीच सांगा, युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसतं त्या पद्धतीत) कर आणि पीडीएफ पण दे.

८. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना

भिंतीवरचा कागद तसाच्या तसा फोटो काढून टाकू नका, ग्रुपमध्ये शोधायला गेलं तर फोटोतला मजकूर हाती लागत नाही. टाइप करा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली टाकली की ठळक होतो, \*हिरवं बटण\* असं, फुली आणि अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही नाहीतर फुल्याच दिसतात. २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबरच्या याद्या पण करता येतात. मेसेज फार लांबला की खालचा भाग दुमडला जातो आणि निम्मे लोक तो उघडत नाहीत, म्हणून जे चुकलं तर नुकसान होईल ते वर. सुप्रभात आणि गुलाबाचं फूल खाली, किंवा नकोच.

९. चाचणी, तोंड बंद ठेवून

आता ते सामानातलं शेवटचं माणूस. मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं, ज्या पंपरूममध्ये आयुष्यात आल्या नव्हत्या, आणि कागद हातात देऊन म्हटलं, करा. आणि मी गप्प. हे फार अवघड आहे हो, काकू चुकीच्या व्हॉल्व्हकडे वळल्या की जीभ चुळबुळते, पण बोललात की चाचणी संपली. (खरा धोका दिसला तर अर्थात बोला.) काकू जिथे थांबल्या, जिथे दोनदा वाचलं, जिथे माझ्याकडे बघितलं, त्या तीन जागा मी वहीत लिहिल्या आणि त्याच बदलल्या. नंतर "समजलं का?" असं विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात.

ते ब्रॅकवालं परत आठवतं. तिथे शिकवणाऱ्या बाईला पैसे किती घरं केली यावर नाही, तर काही दिवसांनी दुसरंच कुणी जाऊन आईला विचारायचं आणि तिला किती बरोबर येतं त्यावर मिळायचे. आमच्या ट्रेनिंगवाल्यांना असे पैसे द्यायला लागलो तर!

१०. चिकटवणं

स्विचच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, जिथे हात काम करतो तिथूनच वाचता येईल असा. दाराच्या बाहेर नाही. लॅमिनेशन करा, ओलीत साधा कागद महिनाभर पण टिकत नाही आणि स्केचपेनची शाई ओघळते. खाली तारीख टाका आणि अडलं तर कुणाला फोन करायचा ते. जुना कागद फाडून टाका, त्याच्यावर नवीन चिकटवू नका, कोपरा सुटला की खालचा वाचतात.

आमच्या कागदातला 'विंग बदलणं' हा तुकडा शेवटी असा झाला:

१. बी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. (दांडा पाइपाच्या रेषेत.)
२. बी उघडत नसेल तर लाल बटण दाबून मोटर बंद करा आणि फोन करा.
३. बी उघडल्यावर ए व्हॉल्व्ह बंद करा. (दांडा आडवा.)
४. काटा बघा. ७ च्या आसपास हवा.

चार ओळी, पण पान्हा आणायला जायची वेळ परत आली नाही.

मामा जूनमध्ये परत आले. कागद पूर्ण वाचला, हसले, म्हणाले, "मॅडम, सगळं बरोबर आहे, पण पॅनेल उघडायच्या आधी दारावर दोन थापा मारायच्या. आत पाल बसते." मी काढलेल्या त्यांच्या दोन्ही व्हिडिओत ते थापा मारताना स्पष्ट दिसतात, मला वाटलं होतं दार अडकतंय. मग 'सुरू करणं' मध्ये ती पहिली पायरी घातली, त्यामुळे खालचे सगळे नंबर एकेकाने सरकले, आणि शेवटच्या ओळीत मी "काटा ७ वर नसेल तर पायरी ५ पासून परत करा" लिहिलेलं, ते चुकलं. परत प्रिंट, परत लॅमिनेशन. पायरीला नंबरने बोलावू नका, "प्राइमिंगपासून परत करा" असं नावाने लिहा.